वीणा हातातून जाते तेव्हा



सज्जनहो, मागल्या वर्षी माघ महिन्यात एका गावी सप्ताहास जाण्याचा योग आला. तिसऱ्या दिवशीचे प्रवचन आटोपले, आरती झाली, मंडळी पंगतीकडे वळली आणि मी पोथी बासनात बांधीत होतो. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. आसपास कोणी नाही असे पाहून ते हळूच म्हणाले, "बुवा, एक विचारू का? राग मानू नका."

मी म्हटले, "बाबा, विचारा की."

"घरात दोन वेळचं अन्न मिळतं. सून वाईट नाही, उलटून बोलत नाही. पोरगा कष्टाळू आहे. पण सहा वर्षं झाली, मला कुणी काही विचारत नाही. बैल विकले, ते गोठ्यातनं गेल्यावर मला कळलं. नातीचं लग्न जमलं, बैठक आत बसली, मला चहा बाहेर आणून दिला. बुवा, माझं अडत काहीच नाही. पण सकाळी उठलो की वाटतं, आपण आहोत कशाला? हा माझा अहंकार म्हणायचा का?"

मी लगेच उत्तर दिले. इतके लगेच, की त्यांचे वाक्य धड संपलेही नसेल. म्हटले, "बाबा, हा अहंकारच. आता या वयात घरादाराची उठाठेव कशाला? पोरगा समर्थ आहे, करू द्या त्याला. आपण नाम घ्यावे, मीपणा सोडावा." ते "बरं" म्हणाले. माझ्या पाया पडले, मी त्यांच्या पडलो, ही आपली रीतच आहे, आणि ते जाऊन पंगतीत बसले.

मला त्या रात्री जेवण गोड लागले नाही. उत्तर शास्त्राला धरून होते, पण त्या माणसाला धरून नव्हते. शिवाय ते देताना माझ्या गळ्यात गावाने घातलेला हार होता, आणि पुढल्या गावचे आमंत्रण खिशात होते. हार घालून बसलेल्याने हार गेलेल्या माणसाला वैराग्य सांगायला फारसे काही लागत नाही. तेव्हा आज या पानांवर तोच प्रश्न पुन्हा हाती घेतो.

पाहा बरे, त्या बाबांचे गेले काय? अन्न गेले नाही, वस्त्र गेले नाही, कोणी अपशब्द बोलला नाही. गेला तो शब्दाला असलेला भार. पूर्वी "नको" म्हटले की काम थांबत होते. आता "नको" म्हटले काय नि "हो" म्हटले काय, गाडा चालतोच आहे. आणि चमत्कार असा की, सत्ता जाते ती बाहेरची, पण माणूस झिजतो तो आतून. दुसऱ्यांनी विचारणे थांबवले की काही दिवसांनी तो स्वतःही स्वतःला विचारीनासा होतो.

मी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. कृष्णाकाठचे आमचे गाव. आधी १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली होती, तलाठी आला होता. मग १९६२ सालच्या कायद्याने महसुली पाटलांची वंशपरंपरेची पाटीलकी रद्द झाली आणि १ जानेवारी १९६३ पासून तो कायदा अंमलात आला. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. आमच्या गावचे पाटील मोठे रुबाबदार गृहस्थ. बेंदराला कर तोडायचा मान त्यांच्या बैलाचा, होळीत पहिली पोळी त्यांच्या घरची. सकाळी ते ओट्यावर बसले की वाटेने जाणारा माणूस पायातले काढून हातात घेई. पाटीलकी गेली, पण त्यांचा वाडा होता तिथेच राहिला, रानही राहिले, लोक नावाने "पाटील"च म्हणत राहिले. तरी त्या वर्षापासून ते चावडीवरून जाईनात. मळ्यात जायचे तर ओढ्याच्या वाटेने, अर्ध्या कोसाचा वळसा घालून जात. पहाटे मात्र ओट्यावर बसायचे सुटले नाही. कोणी हाक मारील म्हणून वाट पाहत. आम्ही पोरे शाळेला त्याच वाटेने जात होतो. आम्हांला त्यांची गंमत वाटे. आज माझे वय तेव्हाच्या पाटलांपेक्षा जास्त आहे, आणि गंमत वाटत नाही.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर बोलणे एकतर्फी होईल. त्या ओट्यासमोर जे वाकत होते त्यांना पाटीलकी जाणे म्हणजे मान वर करण्याची पहिली संधी होती. त्याआधी १९५८ सालच्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली तेव्हाही असेच झाले. हाकेसरशी धावायचे बंधन सुटले. म्हणून गेलेली प्रत्येक सत्ता रडण्याजोगी असते असे मुळीच नाही. काही सत्ता जायलाच हव्या होत्या. पण जायला हवी होती ती सत्ता. तिच्याबरोबर तो माणूसही मोडीत काढावा, असे कुठल्याही धर्माने सांगितलेले नाही.

घरातली गोष्ट याहून वेगळी नाही. पूर्वीची सासू किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोवून चाले, आणि त्या आवाजावरून ती कुठल्या खोलीत आहे ते कळे. एक दिवस तो जुडगा सुनेच्या कमरेला जातो. कधी प्रेमाने दिला जातो, कधी खुंटीवरून नाहीसा होतो. त्या दिवसापासून सासूबाईंना डाळीच्या डब्याचे झाकण उघडतानाही चोरी केल्यासारखे होते. मग त्या सुनेच्या फोडणीला नावे ठेवतात. लोक म्हणतात, म्हातारी खोडकर झाली. खोडकर नव्हे हो, ती त्या घरात आपली जागा चाचपून पाहते आहे. आणि आताशा आणखी एक भर पडली आहे. बाजारभाव मोबाइलवर कळतो, सातबारा मोबाइलवर निघतो, पावसाचा अंदाज मोबाइलवर येतो. नक्षत्र कोणते लागले नि पेरणी कधी धरायची, हे आजोबांना विचारायचे कारणच उरले नाही. कोणी मुद्दाम अपमान केला नाही, पण अपमान झाला.

आता संतांकडे वळू. आपण वारकरी लोक अशा प्रसंगी एकच शब्द पुढे करतो, अमानित्व. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिला शब्दच तो आला आहे, आणि माउलींनी त्यावर फार गोड विस्तार केला आहे. ज्याला मान नको वाटतो, कोणी स्तुती केली तर संकोच होतो, आपली थोरवी जो लपवून ठेवतो, असा तो पुरुष. हे सगळे खरे. पण वाचताना एक ध्यानात घ्यावे. तिथे मान नको असलेला माणूस वर्णिला आहे. मान हिरावून घेतलेला नव्हे. भरल्या ताटावरून उठणे आणि ताटच पुढ्यातून ओढून नेणे यांना एकच नाव देता येत नाही. आणि त्या लक्षणांच्या मालिकेत आत्मतुच्छता कुठे आलेली नाही. मी कोणी नाही, माझा उपयोग नाही, मी अडगळ आहे, ही भाषा त्या अध्यायातली नव्हे. मी त्या बाबांना अमानित्व सांगायला गेलो, आणि त्यांच्या तुच्छतेवर शिक्का मारून आलो. हा माझा दोष.

तुकोबारायांचे चरित्र याच डोळ्याने पाहा. आपण त्यांना सदेह वैकुंठाला जाणारे म्हणून पाहतो, त्यामुळे मधली दहा-वीस पावले आपल्याला दिसत नाहीत. घराणे देहूचे, महाजनकीचे, सावकारीचे. पेठेत शब्दाला किंमत. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ पडला आणि सगळे बसले. धंदा बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी उपासमारीने गेली, मुलगा गेला. ज्यांनी कालपर्यंत कर्ज मागितले तेच आज तोंड फिरवू लागले. महाराजांनी स्वतः आपल्या अभंगांतून ही हकीकत सांगितली आहे आणि लोकांत वावरायची लाज वाटू लागली हेही लपवलेले नाही. मला त्या सगळ्या हकिकतीत ही लाज फार मोलाची वाटते. एवढा मोठा पुरुष, पण तो म्हणाला नाही की मला काही वाटले नाही. त्यांना वाटले. पत गेल्यावर जे कोणाही संसारी माणसाला वाटते तेच वाटले.

मग केले काय? देहूत विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करायला घेतले. पाहा, पहिले औषध काय निघाले. व्याख्यान नव्हे, निराशेचे तत्त्वज्ञान नव्हे, हाताला काम. देऊळ बांधायला पत लागत नाही, कोणाची संमती लागत नाही, दगडमाती उचलली की झाले. मग कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले, पुढे नव्हे. मग एकांत, भंडाऱ्याचा डोंगर. आणि पुढे कर्जखतांची गोष्ट. धाकट्या कान्होबांना त्यांचा वाटा वेगळा काढून दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. हे मी तरुणपणी शेकडो वेळा सांगितले असेल, दानशूरपणा म्हणून. आता वाटते, त्यात आणखी एक बारकावा आहे. ज्याची पत गेली आहे त्याच्या हाती दुसऱ्यावरची सत्ता म्हणून एवढे कागदच उरले होते. पडलेल्या माणसाला अशी उरलेली सत्ता फार जपावीशी वाटते. नोकरीत कोणी विचारीत नाही म्हणून बायकोवर ओरडणारा पुरुष, बायको ऐकत नाही म्हणून पोराला बदडणारा बाप, आपण रोज पाहतो. महाराजांनी ते कागद पाण्यात सोडले, आणि सोडताना कान्होबांच्या वाट्याला हात लावला नाही. आपल्या वैराग्याचा खर्च भावाच्या नावावर टाकला नाही.

आणि ज्यांच्या हाती सत्ता कधी नव्हतीच त्यांचे काय? मंगळवेढ्याचे चोखोबा घ्या. त्यांना देवळाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. गावकुसाचे काम करता करता भिंत ढासळली आणि त्याखाली देह गेला. पण त्यांची वाणी वाचा. तिथे देवाला उभा करून जाब विचारणारा माणूस भेटतो, कुरतडलेला माणूस भेटत नाही. ज्याला समाजाने कवडीचा अधिकार दिला नाही त्याने पांडुरंगाशी बरोबरीने भांडावे, हे कशाच्या बळावर? अधिकाराच्या नक्कीच नव्हे. म्हणजे माणसाची स्वतःविषयीची किंमत अधिकारावाचूनही उभी राहू शकते, याची साक्ष महाद्वारासमोर समाधी होऊन बसली आहे. मात्र हे सांगताना कोणी असे म्हणू नये की, मग त्यांना अधिकार नव्हता ते बरेच झाले. त्यांच्या माणसांना त्या समाधीपुढे पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांचे तेज चोखोबांचे. दार बंद ठेवण्याचे पाप दार बंद ठेवणारांचे.

आता नाथांच्या घरी पैठणला जाऊ. ही कथा आपल्या सर्वांच्या ऐकण्यातली आहे, पण ती आजच्या प्रश्नाच्या इतकी जवळची आहे की पुन्हा सांगावीच लागते.

नाथांचे चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान. त्यांना वडिलांचे वागणे पटेना. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरचे अन्न घेतात, हे त्यांना शास्त्राला सोडून वाटे. रुसून काशीला निघून गेले. नाथ त्यांना आणायला गेले. मुलाने अटी घातल्या, परान्न घ्यायचे नाही आणि मराठीतून पुराण सांगायचे नाही. पुराण मी सांगेन. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

सज्जनहो, इथे जरा थांबा. आपण ही कथा ऐकताना पुढच्या चमत्काराकडे धावतो. ज्या माणसाने भागवतासारखा ग्रंथ मराठीत आणला, ज्याच्या वाड्यात ऐकायला गाव लोटत होते, त्याने आपल्याच घरात, आपल्याच मुलाच्या शब्दाने, बोलायचे थांबावे! आसन मुलाचे, पोथी मुलाच्या हाती, आणि बाप श्रोत्यांत. नाथांना वाईट वाटले नसेल का? कथेत त्याविषयी शब्द नाही. पण ते शांतिब्रह्म होते म्हणजे दगड होते असे नव्हे. माझ्या मते वाटले असेल. फक्त त्यांनी घरात दोन तट पाडले नाहीत. श्रोत्यांना खुणावले नाही की, या माझ्या खोलीत, खरे पुराण इथे चालते. आणि मुलाचे पुराण चालू असता कोपऱ्यात बसून सुस्कारेही टाकले नाहीत. हा सुस्कारा फार वाईट. आम्ही म्हातारी माणसे त्यात मोठी वाकबगार असतो. तोंडाने "चालू द्या तुमचं" म्हणायचे आणि सुस्कारा असा टाकायचा की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जावा.

पुढची कथा आपण जाणता. श्रोते हळूहळू गळाले. एका गरीब म्हाताऱ्या बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. एका नाथांना जेवू घातले तर तो पुरा होईल असे तिला वाटले. हरिपंडितांनी स्वतः तिथे स्वयंपाक करायचा असे ठरले. जेवण झाल्यावर नाथांनी पत्रावळ मुलाला उचलायला सांगितले. एक उचलावी तर खाली दुसरी, दुसरी उचलावी तर तिसरी. पंडितांचा ताठा गेला.

ही कथा मी सांगू लागलो की मंडपातले वडीलधारे चेहरे खुलतात, आणि तरुण मंडळी पायाच्या बोटाने जाजम उकरू लागतात. वडिलांना वाटते, बघा, शेवटी पोराला कळलेच. आपल्यालाही एक दिवस असाच न्याय मिळेल. पण आसन सोडले त्या दिवशी नाथांना पत्रावळीखालची पत्रावळ ठाऊक नव्हती. मुलगा कधी वाकेल या बोलीवर त्यांनी जागा दिली नव्हती. आणि दुसरे, तरुणांनी ध्यानात घ्यावे असे. हरिपंडित वाईट मुलगा नव्हता. त्याने बापाला आसनावरून उठवले आणि वर श्रोत्यांत बसायला लावले, पण विचारले कधी नाही की, बाबा, तुमच्याकडे असे काय आहे जे माझ्याकडे नाही? त्याला उत्तर पत्रावळींनी दिले. विचारले असते तर नाथांनीच दिले असते.

इथवर मी लिहिले होते, आणि मग माझ्यावरच पाळी आली.

आमच्या भागातल्या एका सप्ताहात एकवीस वर्षे काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. काल्याचे कीर्तन म्हणजे काय मान असतो ते आपणांस सांगायला नको. गेल्या चैत्रात छापील पत्रिका हाती आली आणि त्या दिवसाखाली एका तरुण महाराजांचे नाव होते. कोणी आधी सांगितले नाही, कोणी काही वाईटही बोलले नाही. बैल गोठ्यातून गेल्यावर बाबांना कळले, तसे मला पत्रिकेवरून कळले. मी गेलो, कारण न जावे तर लोक काय म्हणतील? मंडपात पुढे बसलो. आणि आपल्यापाशी लपवायचे काय, त्या दोन तासांत मी हरिकथा ऐकली नाही. त्या मुलाचे प्रमाण दोन ठिकाणी चुकले, तेवढे मी मोजले. एकदा चाल उतरली, तीही मोजली. मृदंग वाजवणाराने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी भुवई उंचावली. त्या मुलाने ती पाहिली. जन्मभर अमानित्वावर बोलणारा मी.

कीर्तन रंगात आले तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगेतला एक जण खोकल्याने बाजूला झाला. चोपदाराने इकडे तिकडे पाहिले आणि त्याचा टाळ माझ्या हातात दिला. मुद्दाम दिला की सहज, ते मी विचारले नाही. मी उठून रांगेत उभा राहिलो. किती वर्षांनी उभा राहिलो! दोन्ही बाजूंना खांदे, पायाखाली सगळ्यांचा एकच ठेका. टाळ हातात आल्यावर स्वतःची लय सांभाळण्यातच जीव गुंततो; दुसऱ्याचे चुकलेले मोजायला बोटे मोकळी राहत नाहीत. पाच मिनिटांनी माझ्या ध्यानात आले की मी गातो आहे.

त्या रात्री मी वीणेच्या पहाऱ्याकडे पाहत बसलो. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट. सप्ताह उभा राहिला की समाप्तीपर्यंत वीणा भुईला टेकत नाही. देवळाच्या भिंतीला पहाऱ्याची यादी लावलेली असते, दोन-दोन तासांचे पहारे. वेळ झाली की पुढचा वीणेकरी येतो, आधी वीणेला हात जोडतो, मग जो उभा आहे त्याच्या पायांवर डोके ठेवतो. तोही त्याच्या पाया पडतो. गळ्यातून गळ्यात वीणा जाते, आणि नाम मध्ये तुटत नाही. उतरलेला वीणेकरी मग टाळ घेऊन रांगेत उभा राहतो, नाहीतर घोंगडीवर आडवा होतो आणि घोरू लागतो. वीणा गेली म्हणून तोंड पाडून बसलेला वीणेकरी मी पाहिलेला नाही.

त्याला का दुःख होत नाही? तो सगळाच वैरागी असतो असे नव्हे; दिवसा त्याचे बांधावरून भावाशी भांडणही असते. पण त्याला यादीवरून आधीच ठाऊक असते की आपली वेळ दोन तासांची. घेणारा हिसकावून घेत नाही, वाकून घेतो. आणि वीणा गेली तरी मंडपातली त्याची जागा जात नाही. आपल्या घरांत याच गोष्टी होत नाहीत. वडिलांना वाटते, वीणा आपल्या गळ्यात मरेपर्यंतची. यादी कधी वाचलेलीच नसते. मुलगा वीणा घेतो ती पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरून काढून घ्यावी तशी. आणि घेतल्यावर बापाला टाळ देत नाही, मंडपाबाहेर बाज टाकून देतो, वर चहा पाठवतो. मग बाप म्हणतो, आपण आहोत कशाला? त्याच्या त्या म्हणण्यात अहंकार किती आणि जागेची भूक किती, हे निवडायला बसू नये. त्याला आधी रांगेत घ्यावे. सुनेने विचारावे, मामंजी, हरभरा यंदा कुठल्या वावरात बरा येईल? विचारल्यावर त्याप्रमाणे केलेच पाहिजे असे नाही. आणि मामंजींनीही, सांगितले तसे झाले नाही म्हणून दोन दिवस अबोला धरू नये. वीणा नव्हे, टाळ मिळाला आहे, हे ओळखावे. टाळाचा आवाज वीणेपेक्षा मोठा असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यंदा माघात त्याच गावी पुन्हा गेलो. पहिल्याच दिवशी प्रवचनानंतर मी त्या बाबांना शोधीत गेलो. ते देवळाच्या पायरीवर जोडे राखायला बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटले, "बाबा, मागल्या वर्षी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी त्याचे उत्तर चुकीचे दिले."

ते हसले. म्हणाले, "बुवा, ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"गळ्यात हार होता तुमच्या. म्हटलं, राहू दे, मान राखावा."

मला काय बोलावे ते सुचेना. त्यांनी जोड्यांची एक जोडी नीट लावली, आणि मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "बुवा, मला आता लांबचं दिसत नाही. त्या पहाऱ्याच्या यादीत रात्रीची कुठली वेळ रिकामी आहे का बघा."

मी उठून पाहिले. पहाटे दोन ते चार रिकामी होती. मी त्यांना तसे सांगितले, आणि त्यांच्या समोर ते नाव यादीत लिहून दिले.